प्रत्यभिज्ञेचा आनंद : एका विनोदी मालिकेतील दुर्गम संदर्भांच्या निमित्ताने

१

विनोदाची चर्चा आपल्याकडे बहुधा विसंगतीपासून सुरू होते व विसंगतीपाशीच संपते. अपेक्षा एक असते आणि घडते दुसरेच. या तफावतीतून हसू उत्पन्न होते, हा सिद्धान्त स्थूलमानाने खरा आहे. तथापि विनोदाचा एक प्रकार असा आहे की, ज्यातील आनंद विसंगतीच्या जाणिवेपेक्षा ओळख पटण्याच्या जाणिवेतून अधिक येतो. बोलणारा एखादे नाव, एखाद्या नटाची लकब, विस्मृतीत गेलेल्या एखाद्या कार्यक्रमातील अर्धे वाक्य जाता जाता टाकून देतो. तो थांबत नाही, स्पष्टीकरण करीत नाही. दहा श्रोत्यांपैकी एकाच्याच चेहऱ्यावर हसू उमटते आणि उरलेल्या नऊ जणांना त्या हसण्याचे कारण कळत नाही. या एकट्याला झालेल्या आनंदाचे स्वरूप काय, आणि समीक्षेने त्याला किती प्रतिष्ठा द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या आनंदाविषयी संशय घेणे सोपे आहे. ‘मला कळले, तुम्हांला नाही’ एवढाच त्याचा आशय असेल, तर तो अहंकाराचा एक प्रकार ठरेल आणि सौंदर्यशास्त्राने त्याची दखल घेण्याचे कारण उरणार नाही. मला स्वतःला हा आक्षेप पूर्णतः निराधार वाटत नाही. परंतु तो या अनुभवाच्या केवळ एका विकृतीला लागू पडतो, मूळ अनुभवाला नव्हे, असे मला दाखवावयाचे आहे. त्यासाठी अमेरिकेतील ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ ही दूरचित्रवाणी-मालिका मी उदाहरणादाखल घेतली आहे. तिच्या चाहत्यांचा वर्ग मर्यादित पण कमालीचा निष्ठावंत असून, दुर्गम संदर्भांची इतकी दाटी क्वचितच अन्यत्र आढळेल.

२

मालिकेचा प्रारंभ १९८८ साली मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस येथील एका स्थानिक वाहिनीवर झाला. जोएल हॉजसन हा तिचा जनक. १९८९ ते १९९६ या काळात ती विनोदाला वाहिलेल्या केबल-वाहिनीवर आणि १९९७ ते १९९९ या काळात विज्ञानकथांच्या वाहिनीवर चालली. १९९३ मध्ये तिला पीबडी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी हॉजसन मालिकेतून बाहेर पडला व मुख्य लेखक मायकेल नेल्सन याने त्याची जागा घेतली. पुढे २०१५ मध्ये चाहत्यांच्या वर्गणीतून तिचे पुनरुज्जीवन झाले आणि २०१७ पासून नवे भाग निघाले. हा इतिहास आपल्या प्रयोजनापुरता इतकाच पुरे.

मालिकेची कल्पना साधी आहे. दोन दुष्ट शास्त्रज्ञांनी एका साध्या नोकराला अंतराळयानात डांबले आहे आणि अत्यंत टाकाऊ चित्रपट त्याला सक्तीने दाखविण्याचा प्रयोग ते करीत आहेत. एकटेपणावर उपाय म्हणून त्या नोकराने काही यंत्रमानव तयार केले आहेत. त्यांपैकी क्रो व टॉम सर्व्हो हे दोघे चित्रपट पाहताना त्याच्या शेजारी बसतात. पडद्यावर मूळ चित्रपट जवळजवळ अखंड चालू असतो; खालच्या उजव्या कोपऱ्यात तीन प्रेक्षकांच्या काळ्या आकृती दिसतात; आणि हे तिघे चित्रपटावर अविरत शेरे मारीत राहतात. एका भागात असे शेकडो शेरे येतात. त्यांचे विषय पाहावेत तर जुन्या जाहिराती, रॉक संगीत, कादंबऱ्या, तत्त्ववेत्ते, क्रीडा, मिनेसोटातील स्थानिक माहिती असे कोणतेही बंधन नाही. दोन शेऱ्यांमधील अंतर काही सेकंदांचे असते. प्रेक्षकाला विचार करण्यास उसंत द्यावयाची नाही, हा येथील लेखनाचा पहिला नियम दिसतो.

मालिकेची चौकटच संदर्भांनी घडविलेली आहे. दुष्ट शास्त्रज्ञाचे नाव डॉक्टर क्लेटन फॉरेस्टर. हे नाव १९५३ सालच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ या चित्रपटातील सज्जन शास्त्रज्ञाचे आहे. यानाचे नाव ‘सॅटेलाइट ऑफ लव्ह’. ते लू रीड याच्या १९७२ सालच्या गीताचे शीर्षक आहे. नायकाचे नाव खलनायकाला आणि प्रेमगीताचे नाव तुरुंगाला दिलेले पाहून जाणत्याला हसू येते. न जाणणाऱ्याला ही केवळ दोन नावे वाटतात आणि कथा समजण्यात त्याचे काहीही अडत नाही. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

३

भाषाशास्त्राच्या दृष्टीने प्रथम श्लेष आणि संदर्भ यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण सर्वसाधारण चर्चेत या दोहोंची गल्लत होते. मालिकेच्या एका भागात माइल्स ओकीफ नावाच्या नटाचा चित्रपट आहे. या चित्रपटात ‘कीफ’ एकंदर किती आहे, असा प्रश्न एक जण विचारतो. दुसरा उत्तरादाखल त्या नटाचे पूर्ण नावच उच्चारतो. नटाचे व्यक्तिनाम आणि ‘मैल’ या अर्थाच्या अनेकवचनी शब्दाचा उच्चार यांत साम्य आहे, हे इंग्रजी जाणणाऱ्या कोणालाही सांगता येईल. हा श्लेष आहे. त्याची सर्व सामग्री भाषेच्या कोशात व उच्चारव्यवस्थेत उपलब्ध असते. नट कोण हे माहीत नसले तरी चालते.

आता दुसरे उदाहरण घेऊ. चित्रपटात पाण्याखालचे दृश्य आले की, तिघांपैकी एखादा खर्जातला गंभीर आवाज काढून, एव्हाना आपली फुप्फुसे हवेसाठी आसुसली होती, अशा आशयाचे निवेदन करतो. या वाक्यात श्लेष नाही, अतिशयोक्ती नाही, व्याकरणाचा वा अर्थाचा कोणताही चमत्कार नाही. कोश उलगडून हे वाक्य विनोदी का, याचे उत्तर मिळणार नाही. ज्याने १९५८ ते १९६१ या काळात चाललेली ‘सी हंट’ ही पाणबुड्याच्या साहसांची मालिका आणि तिच्यातील लॉइड ब्रिजेस याचे निवेदन ऐकले आहे, त्यालाच ते कळते. येथे अर्थाची सामग्री भाषेत नसून भाषिक समाजाच्या स्मृतीत आहे. वाच्यार्थ पूर्ण होतो, लक्षणेला अवकाश मिळत नाही, आणि तरीही काहीतरी सूचित होते. तेव्हा हा व्यंजनेचा प्रांत होय, हे उघड आहे. परंतु व्यंजनेच्या सामान्य व्यापारात वक्ता, प्रकरण, देश, काल यांच्या साहाय्याने सहृदय व्यंग्यार्थापर्यंत पोहोचू शकतो. येथे मात्र एक विशिष्ट पूर्वानुभव नसेल तर कितीही प्रतिभा असली तरी मार्ग खुंटतो.

साहित्यिक संदर्भाच्या आकलनाचे चार टप्पे झिवा बेन-पोरात यांनी १९७६ मधील आपल्या निबंधात कल्पिले आहेत : प्रथम खूण जाणवणे, नंतर मूळ संहितेची ओळख पटणे, त्यायोगे पुढ्यातील स्थळाचा अर्थ बदलणे, आणि अखेरीस मूळ संहिता समग्रपणे मनात जागी होणे. हे विश्लेषण मार्मिक आहे. परंतु ओळख पटण्यात आनंद कशासाठी असावा, हा प्रश्न त्यात उरतोच. फ्रॉइडने विनोदावरील १९०५ सालच्या ग्रंथात ओळखीचे पुन्हा सापडणे हेच सुखद असते असे म्हटले आणि त्याचे कारण मानसिक शक्तीच्या बचतीत शोधले. हे कारण मला अपुरे वाटते. बचत हेच कारण असते, तर जितका संदर्भ सोपा तितका आनंद मोठा असता. प्रत्यक्ष अनुभव नेमका उलट आहे.

या ठिकाणी आपल्या परंपरेतील एक संज्ञा अधिक उपयोगी पडेल असे वाटते. नैयायिकांनी स्मृती व प्रत्यभिज्ञा यांत भेद केला आहे. स्मृती केवळ संस्कारातून उद्भवते. प्रत्यभिज्ञेला संस्कार आणि समोरच्या वस्तूचे प्रत्यक्ष अशा दोहोंची आवश्यकता असते. ‘तोच हा देवदत्त’ या ज्ञानात ‘तो’ भूतकाळातला आहे व ‘हा’ डोळ्यांपुढे आहे. दोन्ही एकत्र आल्यावाचून हे ज्ञान होत नाही. दुर्गम संदर्भ कळण्याचा आनंद हा स्मृतीचा आनंद नसून प्रत्यभिज्ञेचा आहे, हे माझे मुख्य प्रतिपादन आहे. ‘सी हंट’ नुसती आठवली तर फार तर हुरहुर वाटेल. परंतु भलत्याच चित्रपटातल्या भलत्याच पाण्यात ती अकस्मात भेटते, आणि ‘तीच ही’ असे मन म्हणून उठते, तेव्हा विसरला गेलेला एक अनुभव व्यर्थ गेला नव्हता असे त्या क्षणी कळते. आपल्या मनाच्या अडगळीत पडलेली वस्तू दुसऱ्या कोणाजवळही जपून ठेवलेली होती, ही जाणीव त्या आनंदाचा गाभा आहे.

४

काश्मीरच्या प्रत्यभिज्ञादर्शनात उत्पलदेवाने एक सुंदर दृष्टान्त योजिला आहे. एक युवती एखाद्या पुरुषाचे गुण ऐकूनच त्याच्यावर अनुरक्त झालेली असते; तो प्रत्यक्ष तिच्यापुढे येऊन उभा राहतो, परंतु ओळख पटलेली नसल्यामुळे इतरांसारखाच एक सामान्य मनुष्य म्हणून तो तिला दिसतो व त्याच्या सान्निध्याचे सुख तिला लाभत नाही. ओळख पटताच सर्व पालटते. दर्शनग्रंथातील गंभीर दृष्टान्त टाकाऊ चित्रपटांच्या थट्टेला लावणे काहींना अनुचित वाटेल. तरीही अनुभवाचा आकार दोन्हीकडे सारखा आहे. वस्तू आधीपासून उपस्थित असते, उणीव असते ती ओळखीची.

याचा एक परिणाम असा की, या आनंदाला कालमर्यादा नसते. साधा विनोद त्या क्षणी कळला नाही तर कायमचा मेला. संदर्भ मात्र मनात वाट पाहत राहतो. मी ही मालिका प्रथम पाहिली तेव्हा यानाचे नाव ही लेखकांचीच कल्पना असावी असे मी धरून चाललो होतो. पुढे काही वर्षांनी एका स्नेह्याच्या घरी रीडचे ते गीत कानांवर पडले. बोलता बोलता मी थांबलो. हसू आले ते त्या गीतातील कशाचेही नव्हते. इतकी वर्षे न कळता जवळ बाळगलेली एक थट्टा त्या दिवशी पुरी झाली होती. अशा वेळी प्रत्यभिज्ञेचा क्रमही उलटा होतो. अनुकरण आधी भेटते, मूळ मागाहून; आणि मुळाकडे पाहूनच ‘तेच हे’ असे आपण म्हणतो.

प्रत्यभिज्ञेला आभासाचाही धोका असतो. कापून पुन्हा वाढलेले केस आणि क्षणोक्षणी बदलणारी दिव्याची ज्योत यांनाही आपण ‘तेच’ म्हणतो, हा बौद्धांचा आक्षेप येथे स्मरावा. ‘सी हंट’मधील नायकाचे नाव माइक नेल्सन आहे, आणि प्रस्तुत मालिकेत हॉजसननंतर आलेल्या कलावंताचे नावही माइक नेल्सनच आहे. संदर्भ शोधण्याची चटक लागलेला प्रेक्षक येथे हेतू पाहील. परंतु ते त्या गृहस्थाचे जन्मजात नाव असून हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. आपल्या प्रबंधांतूनही ‘प्रभाव’ व ‘पडसाद’ या नावाखाली असे कितीतरी माइक नेल्सन वावरत असतात, हे येथे नमूद करण्याचा मोह आवरत नाही. संदर्भ म्हणावयाचा तर दोन वस्तूंतील साम्य पुरेसे नाही. त्या साम्यामुळे पुढ्यातील स्थळाच्या अर्थात काही भर पडावयास हवी.

याच कसोटीवर मालिकेतील अनेक शेरे उणे ठरतात, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पडद्यावरील एखाद्या नटाचा चेहरा कोणा प्रसिद्ध व्यक्तीसारखा दिसला की त्या व्यक्तीचे नाव घ्यावयाचे, ही तिघांची आवडती युक्ती आहे. तेथे ओळख पटते. पण ती पटल्याने ना चित्रपटावर प्रकाश पडतो, ना त्या व्यक्तीवर. उलट पाणबुड्याचे निवेदन घ्या. दरिद्री चित्रपटातील गढूळ दृश्याला ते निवेदन उसने गांभीर्य देते आणि त्याच गांभीर्यामुळे दृश्याचे दारिद्र्य उघडे पडते. संदर्भ तोच उत्तम, जो ओळख पटल्यानंतरही काम करीत राहतो.

५

आता अहंकाराच्या आक्षेपाकडे वळू. अमेरिकन तत्त्वज्ञ टेड कोहेन यांनी विनोदावरील १९९९ सालच्या आपल्या छोट्या पुस्तकात असे दाखविले आहे की, पुष्कळसे विनोद श्रोत्याजवळ काही विशिष्ट ज्ञान असल्याची अट घालतात. आणि ती अट न सांगता पुरी झाली, तर वक्ता व श्रोता यांच्यात एक जवळीक निर्माण होते. ‘न सांगता’ हे शब्द येथे कळीचे आहेत. स्पष्टीकरण दिले की ज्ञान पोहोचते, जवळीक पोहोचत नाही. हॉजसनच्या नावावर एक उद्गार सांगितला जातो : हा विनोद कोणाला कळेल, असे लिहिताना आपण विचारीत नाही, योग्य माणसांना तो कळेल, एवढेच म्हणतो. हे वाचून आपल्याकडील कोणाही अभ्यासकाला ‘अधिकारी’ या जुन्या संकल्पनेची आठवण व्हावी. मात्र शास्त्रग्रंथातील अधिकारी आधी ठरलेला असतो आणि अनधिकाऱ्याला दारातच अडविले जाते. या मालिकेत दार उघडेच असते. एखादा संदर्भ कळला नाही तर काही सेकंदांत दुसरा येतो. कोणालाच सर्व कळत नाहीत, आणि प्रत्येकाला काही ना काही कळतेच. लेखकमंडळातील प्रत्येकाच्या वाचनाचे व आवडीचे क्षेत्र वेगळे असल्यामुळे कोणी एकच मनुष्य या मालिकेचा संपूर्ण अधिकारी होऊ शकत नाही. अज्ञान हे येथे लाजिरवाणे न राहता सर्वांच्या वाट्याला थोडे थोडे आलेले असते. ही दाटी म्हणजे माझ्या मते मालिकेचे नैतिक वैशिष्ट्य आहे.

शिवाय मालिका आपली स्वतःची परंपराही निर्माण करते. ‘ईगा’ या १९६२ सालच्या चित्रपटात सापांपासून सावध राहण्याचा इशारा ऐकू येतो. पण पडद्यावर कोणाचेच ओठ हललेले दिसत नाहीत. तिघांनी त्या इशाऱ्याची थट्टा केली आणि पुढील अनेक भागांत तो पुनःपुन्हा उच्चारला. हा संदर्भ कळण्यास कोणत्याही वेगळ्या विद्येची गरज नाही. केवळ सोबत राहिलेले असणे पुरे. अशा रीतीने नियमित प्रेक्षकाला मालिका हळूहळू अधिकारी करते. पहिल्या पर्वांच्या काळात श्रेयनामावलीच्या शेवटी, ध्वनिचित्रफिती एकमेकांत फिरत्या ठेवा, असे प्रेक्षकांना आवाहन असे. ज्यांना विनोद आपल्यापुरता ठेवावयाचा असतो, ते असे आवाहन करीत नाहीत.

याउलट १९९६ मध्ये या मालिकेवरून जो चित्रपट निघाला, त्यात व्यापक प्रेक्षकवर्गाच्या भयाने काटछाट झाली. ज्या चित्रपटाची थट्टा करावयाची त्याच्यापेक्षाही थट्टेचा चित्रपट आखूड झाला. विनोद सुगम झाला, परंतु मूळ मालिकेतील आपल्यावर टाकलेल्या विश्वासाची भावना मात्र त्यात क्षीण वाटते. सर्वांना कळेल असे बोलण्यात सौजन्य असते, हे खरे. पण तुम्हांला कळेल असे गृहीत धरून बोलण्यातही सौजन्य असते, आणि ते कदाचित अधिक मोठे असते.

६

तथापि या कलेच्या दोन मर्यादा सांगितल्यावाचून विवेचन पुरे होणार नाही. पहिली स्थळाची. मालिकेच्या एका भागात ‘साम्पो’ या १९५९ सालच्या सोव्हिएत-फिनिश चित्रपटाची अमेरिकेत भाषांतरित केलेली आवृत्ती आहे. त्याचा आधार ‘कालेवाला’ हे फिनलंडचे राष्ट्रीय महाकाव्य होय. एलियास लोनरोट याने लोकगीतांतून संकलित केलेले हे काव्य प्रथम १८३५ मध्ये व विस्तृत रूपात १८४९ मध्ये प्रसिद्ध झाले. साम्पो ही त्यातील पीठ, मीठ व सोने दळून देणारी अद्भुत चक्की. या भागातील थट्टेचा मोठा आधार, साम्पो म्हणजे नेमके काय, याविषयीच्या तर्ककुतर्कांवर उभा आहे. ज्याने ‘कालेवाला’ वाचले आहे त्याची येथे विचित्र अवस्था होते. इतरत्र संदर्भांची उधळण करणारे हे तिघे या ठिकाणी स्वतःच संदर्भाला मुकलेले असतात, अथवा तसे सोंग घेतात. आणि ज्याला ओळख पटली तोच हसण्याच्या बाहेर राहतो. स्वतःच्या संस्कृतीतील पाणबुड्याला ज्यांनी इतक्या प्रेमाने स्मरणात ठेवले, त्यांनी दुसऱ्याच्या महाकाव्यापुढे खांदे उडवावेत, ही उणीव लहान नव्हे.

दुसरी मर्यादा काळाची. संदर्भाचे आयुष्य समाजाच्या स्मृतीइतकेच असते. १९९० च्या सुमाराच्या जाहिराती व राजकीय नावे यांवरील शेरे आज तेथील तरुणांनाही कळेनासे झाले आहेत. आपल्याकडे ‘झेंडूची फुले’ या ‘केशवकुमारां’च्या विडंबनसंग्रहाची गत याहून फारशी वेगळी नाही. ज्या कवितांची ती विडंबने आहेत त्या कविता वर्गात कोणी वाचलेल्या नसतात. परिणामी विद्यार्थी आधी टीप वाचतो, मग मूळ कविता, मग विडंबन, आणि शेवटी परीक्षेपुरते हसतो.

हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा असेल. टीप देणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहे आणि मी स्वतः ते नित्य करीत आलो आहे. परंतु टीपेने जे मिळते ते ज्ञान होय, प्रत्यभिज्ञा नव्हे. कारण प्रत्यभिज्ञेला आधी झालेला संस्कार लागतो आणि टीप तर प्रसंगानंतर येते. अभिनवगुप्ताने सहृदयाचे वर्णन करताना काव्याच्या सततच्या अनुशीलनाने मनाचा आरसा स्वच्छ झालेला असण्यावर जो भर दिला आहे, त्याचे व्यावहारिक तात्पर्य मला एवढेच दिसते की, संदर्भ ओळखण्याची तयारी ही संदर्भ भेटण्याच्या पुष्कळ आधी करावयाची असते, आणि तीही तो कधी भेटेल याची खात्री नसताना. ‘सी हंट’ पाहणाऱ्या मुलाला आपण एका भावी विनोदाची पूर्वतयारी करीत आहोत हे ठाऊक नव्हते. आपल्या अभ्यासक्रमांतून ‘परीक्षेला नाही’ या कारणास्तव जे वाचन वर्षानुवर्षे गळत चालले आहे, त्याचा हिशोब या दृष्टीनेही व्हावयास हवा. पुस्तक न वाचलेल्याचे त्या दिवशी काहीच अडत नाही. पुढे केव्हातरी ते पुस्तक वेष पालटून त्याच्यापुढे येऊन उभे राहते, शेजारचा हसतो, आणि आपण कशाला मुकलो हेदेखील याला कळत नाही.